घावन आणि आंबोळी: मालवण किनाऱ्यावरच्या तव्याचा इतिहास

मालवण किनाऱ्यावर पीठ तव्यावर ओतून केल्या जाणाऱ्या पदार्थांत तीन नावे मुख्य आहेत: घावन, आंबोळी आणि खापरोळी. घावन तांदूळ, पाणी आणि मीठ एवढ्यावर होतो. त्याचे पीठ ताकासारखे पातळ असते आणि ते आंबवावे लागत नाही. आंबोळीत तांदळाला उडदाची आणि थोड्या मेथीची जोड मिळते, पीठ रात्रभर आंबते आणि ती जाडसर, मऊ होते. खापरोळी आंबोळीहूनही जाड. ती गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. हे तिन्ही पदार्थ दक्षिण कोकणात सगळीकडे होतात, पण मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात ते घराघरांत मुरलेले आहेत. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून निघाला. त्याआधीच्या कागदपत्रांत हाच मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सावंतवाडी संस्थान अशा दोन ठिकाणी विभागलेला सापडतो.

आज घावनाची गणना झटपट नाश्त्यात होते. पाहुणा दारात आला, तांदळाचे पीठ कालवले, तवा ठेवला, की थोड्याच वेळात ताट समोर. हे झटपटपण मात्र फार तर दोन-तीन पिढ्यांचे आहे. त्याआधी घावन हा कष्टाचा आणि काहीसा चैनीचा पदार्थ होता. तांदूळ दुर्मीळ होता म्हणून चैनीचा, आणि भाताच्या लोंबीपासून तव्यापर्यंतचे सगळे काम घरातल्या बायकांच्या हातांनी होत असे म्हणून कष्टाचा.

कोकण म्हणजे भात हे समीकरण पक्के असले तरी इथला तांदूळ इथल्या माणसांना कधी पुरला नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जमीन जांभ्याची, उताराची आणि तुकड्या-तुकड्यांची. भाताला योग्य अशी मळ्याची जमीन थोडी. डोंगरउतारावर नाचणी, वरी आणि हरीक ही धान्ये घेतली जात. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड 1880 साली प्रसिद्ध झाला. तो रत्नागिरी आणि सावंतवाडी यांच्यावरच आहे. त्यात दिसणारा गरीब माणूस मुख्यतः ही भरड धान्ये खाऊन राहतो. तांदूळ त्यातल्या त्यात बऱ्या घरांचा. नाचणीची भाकरी, आंबील आणि कण्यांची पेज यांवर दिवस काढणाऱ्या घरात पांढऱ्या तांदळाचे घावणे रोज होणे शक्यच नव्हते. सणाला, पाहुण्याला, माहेरवाशिणीला किंवा जावयाला घावन, असा त्याचा मान होता. हा मान श्रद्धेपेक्षा कोठारातून आला होता, हे नीट लक्षात घ्यायला हवे.

तांदळातही दोन जाती मानल्या जात, आणि त्या बियाण्याच्या नव्हे तर संस्काराच्या. एक उकडा, दुसरा सुरय. भात पाण्यात भिजवून, मोठ्या भांड्यात उकडून, अंगणात वाळवून मग कांडले की तो उकडा तांदूळ. न उकडता थेट कांडलेला तो सुरय. रोजच्या पेजेला आणि जेवणातल्या भाताला उकडा. त्याचा दाणा कांडताना मोडत नाही, पोटाला आधार देतो, आणि उकडताना कोंड्यातली काही सत्त्वे दाण्यात उतरतात. केवळ पांढऱ्याशुभ्र, कोंडा काढलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होते, हे डच वैद्य ख्रिस्तियान आयकमन यांच्या जाव्हातल्या निरीक्षणांतून पुढे आले आणि 1929 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणात उकडा तांदूळ खाणाऱ्यांना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याचा लाभ मात्र मिळत होता.

घावन, मोदक, शिरवाळे यांना सुरय तांदूळच लागतो. उकड्या तांदळातला स्टार्च आधीच एकदा शिजलेला असतो, त्यामुळे त्याच्या पिठाची पातळ धार तव्यावर हवी तशी पसरत नाही. सुरय भात कांडताना दाणा जास्त मोडतो आणि कणी जास्त पडते. ही कणी फेकून देण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. ती वेगळी काढून पेजेला किंवा पिठाला लावली जाई. घावनाच्या पिठाचा बराचसा भाग असा कणीतून येत असे, आणि तांदूळ मौल्यवान असलेल्या घरांतही घावन अधूनमधून कसा होत असे, याचे उत्तर या कणीत आहे.

तांदूळ जुना असणेही महत्त्वाचे. नव्या तांदळाचे पीठ चिकट होते, तव्याला धरते. पावसाळा ओलांडून गेलेला, निदान वर्षभर कणगीत राहिलेला तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो. कणगीत वर्षभराचा साठा शिल्लक राहणे हेच मुळात बऱ्या परिस्थितीचे लक्षण होते. तेव्हा चांगला घावन आणि घराची सांपत्तिक स्थिती यांचा संबंध तव्यावरच दिसे.

आता कामाकडे. भात आधी घिरटावर भरडले जाई, सुपात पाखडून तूस वेगळे केले जाई, मग जमिनीत पुरलेल्या व्हायनात मुसळाने सडले जाई. दोघी-तिघी बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळे मारत. नंतर तांदूळ धुऊन, निथळून, सुती फडक्यावर सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर दाण्याला तडे जातात आणि पीठ भरभरीत होते. मग जात्यावर दळण. घावनाचे पीठ अगदी बारीक हवे, म्हणून जात्याच्या तोंडात दाणे मूठभर न टाकता चिमटीचिमटीने सोडावे लागत. जात्यावरच्या ओव्या पहाटेच्या असतात, त्याचे कारण दिवसभरात या कामाला दुसरी वेळ मिळत नसे. पावसाळ्यात हे सगळे गणित बिघडे. तांदूळ वाळत नाही, दळलेले पीठ ओल धरते, त्याला जाळी लागते. त्या दिवसांत तांदूळ भिजवून रगड्यावर किंवा पाट्यावर पाणी घालत वाटायचा. वाटलेल्या पिठाचा घावन दळलेल्या पिठाच्या घावनापेक्षा मऊ होतो, असे जुन्या बायकांचे मत. ते बरोबर आहे, कारण ओल्या वाटणात तांदळाच्या स्टार्चचे कण कमी फुटतात.

भांड्याचा इतिहास नावांतच राहिला आहे. खापरोळीत खापर आहे. कुंभाराकडून आणलेले उथळ मातीचे भांडे चुलीवर तापवून त्यात पीठ ओतत आणि वर झाकण ठेवत. माती हळू तापते आणि उष्णता धरून ठेवते. जाड, आंबवलेल्या पिठाला ते मानवते, कारण वरची बाजू वाफेवर शिजायला वेळ लागतो. पातळ घावनाला मात्र एकदम जोराची आच लागते. त्यासाठी लोखंडी आणि पुढे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जाड तवा आला. बिडाचा तवा घरात आला की तो लगेच वापरता येत नाही. तेल लावून तापवायचा, पुसायचा, पुन्हा तेल लावायचे. पहिल्या काही घाण्यांचे घावणे तव्याला चिकटून फाटतात. महिन्या-दोन महिन्यांनी तेलाचा पातळ थर लोखंडावर घट्ट बसतो आणि तवा काळाभोर, गुळगुळीत होतो. असा मुरलेला तवा मालवणी घरात दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत. त्यावर भाकरी टाकली किंवा मासे तळले तर घावन सुटत नाही, म्हणून घावनाचा तवा वेगळा. आईचा तवा थोरल्या सुनेकडे जाण्याची पद्धत अनेक घरांत होती. दागिन्यांच्या वाटणीत त्याची नोंद होत नसे, पण कुरबूर होत असे.

घावन काढण्याची कृती बाहेरून सोपी दिसते. एक वाटी पीठ, साधारण दोन वाट्या पाणी, मीठ. कालवून पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे. चुलीत वाळकी चुडते, म्हणजे नारळाच्या सुक्या झावळ्या. त्यांची ज्वाळ झटकन भडकते आणि तव्याच्या पूर्ण बुडाला लागते. तवा पुरेसा तापला की नाही ते पाण्याच्या थेंबावर कळते: थेंब तव्यावर पडताच नाचून उडाला पाहिजे. नारळाच्या सोडणाचा झुपका किंवा वांग्याचा देठ तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. मग पीठ तळापासून ढवळून, वाटीने तव्याच्या कडेने सुरुवात करून आत मध्याकडे ओतत यायचे. चर्र असा आवाज होतो आणि पीठ पडताक्षणी त्यात भोके उघडतात. पिठातल्या पाण्याची वाफ तळातून वर फुटते आणि तिच्या वाटा तशाच शिजून राहतात, हीच ती घावनाची जाळी. तांदळात गव्हासारखे चिकट प्रथिन नसल्याने ओतलेले पीठ नंतर उलथण्याने पसरवता येत नाही. डोशाच्या पिठावर वाटी गोल फिरवतात, तसे घावनावर केले की तो फाटलाच. जे काही पसरायचे ते ओतण्यातच. वर झाकण, अर्धे मिनिट, कडा सुटल्या की उलथणे घालून दोनदा दुमडून ताटात. घावन उलटत नाहीत.

ओतण्याआधी दर वेळी ढवळणे ही यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. तांदळाचे पीठ पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगते आणि दोन मिनिटांत तळाशी बसते. न ढवळता ओतले तर पहिले घावणे कागदासारखे आणि शेवटचे भाकरीसारखे निघतात. पहिला घावन बहुधा फसतो, तो चुलीजवळ बसलेल्या पोराच्या वाट्याला येतो. दहा माणसांच्या घरात प्रत्येकी चार धरले तरी चाळीस घावणे, आणि एकाला दीड-दोन मिनिटे धरली तर तव्यासमोर तास-सव्वा तास. घावन गरमच खायचा असतो, म्हणून सगळे जण पानावर बसलेले आणि काढणारी चुलीपाशी. तिला स्वतःला गरम घावन मिळण्याचा योग फारसा येत नसे. घावनाचे कौतुक करणाऱ्या लेखनात ही बाजू क्वचितच येते.

आंबोळीचे काम वेगळ्या जातीचे. तिला घाई चालत नाही. तांदूळ तीन-चार भाग, उडीद एक भाग, चमचाभर मेथी, काही घरांत मूठभर पोहे; सकाळी भिजत घालून संध्याकाळी वाटायचे आणि रात्रभर उबेला ठेवायचे. उडदात आणि मेथीत बुळबुळीत द्रव्य असते, ते पिठाला धरून ठेवते. तांदळावर आणि उडदावर मुळातच असलेले जिवाणू साखर खाऊन आम्ल आणि वायू तयार करतात, आणि वायूचे बुडबुडे त्या बुळबुळीत पिठात अडकून ते फुगते. विरजण, यीस्ट, सोडा काही लागत नाही. किनाऱ्यावरच्या दमट उष्ण हवेत आठ-दहा तास पुरतात. पौष-माघातल्या थंड रात्री पिठाचे पातेले चुलीच्या उबेला ठेवावे लागते. दुसरी पद्धत सुक्या पिठाची. तांदूळ, उडीद, मेथी यांचे जरा जाडसर पीठ दळून ठेवायचे आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात रात्री भिजवायचे. मुंबईला जाणाऱ्याच्या गाठोड्यात याच पिठाची पिशवी असे.

तांदूळ आणि उडीद यांची ही जोडी किती जुनी, याचे लेखी पुरावे कोकणातले नाहीत. ते शेजारच्या कर्नाटकातले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या सुमारे 1129 सालच्या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. त्यात इडरिका आणि धोसक असे पदार्थ येतात. अन्नाचे इतिहासकार के. टी. अचया यांनी दाखवून दिले आहे की त्या काळची इडली आजच्यासारखी तांदळाची नव्हती, उडदाची होती. म्हणजे कडधान्याचे वाटण तव्यावर ओतण्याची कला नऊशे वर्षांपूर्वी प्रतिष्ठित होती, आणि तांदूळ तिच्यात पुढे केव्हातरी मिसळला. दक्षिण कोकण त्या काळात गोव्याच्या कदंबांच्या आणि शिलाहारांच्या सत्तेखाली होते, आणि त्यांचा कल्याणीच्या चालुक्यांशी जवळचा राजकीय संबंध होता. यावरून आंबोळी कर्नाटकातून आली असे ठामपणे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. राजाच्या पंगतीतला पदार्थ ग्रंथात नोंदला जातो, शेतकऱ्याच्या चुलीवरचा नाही. जे लिहिले गेले तेच आधीचे, असे धरता येत नाही.

किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले तर या पदार्थांचे सगेसोयरे भेटत जातात. गोव्यात पोळे, मंगळूर-उडुपीकडे तुळू घरांतला नीर डोसा, केरळात अप्पम, श्रीलंकेत त्याचाच प्रकार. नीर डोसा आणि घावन यांत फरक जवळजवळ नाहीच: दोन्ही न आंबवलेल्या तांदळाचे, दोन्ही पातळ, दोन्ही एकाच बाजूने शिजणारे. जिथे तांदूळ आणि नारळ, तिथे हा पदार्थ, अशी ही साखळी आहे. घाटावर चढले की तांदळाची जागा ज्वारी आणि हरभरा घेतात आणि घावनाच्या जागी धिरडे येते. समुद्रापलीकडे इथिओपियात टेफ या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून इंजेरा करतात. तीही एकाच बाजूने भाजतात, तिच्यावरही झाकण ठेवतात, आणि वरच्या भोकांना तिथले लोक डोळे म्हणतात. अंडे, दूध आणि गव्हाचा मैदा यांच्यावर उभा असलेला युरोपी पॅनकेक या सगळ्यांपेक्षा वेगळा. पण गोव्यात पोर्तुगीजांच्या सहवासाने दोन्हींची गाठ पडली: अंडे घातलेल्या मैद्याच्या पातळ पोळीत ओले खोबरे आणि गूळ भरून केलेला आळेबेळे हा तिथला पदार्थ. मालवणात मैदा आणि अंडे यांनी घावनात शिरकाव केला नाही, पण सारणाची ती कल्पना गोड घावनात दिसते. गूळ-खोबऱ्याचे सारण घावनात घालून दुमडणे हे कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न सोडून द्यावा. गूळ आणि खोबरे दोन्ही घरचेच.

घावनाचा सर्वांत पक्का धार्मिक संबंध गौरीशी आहे. भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर गौरीचे पूजन होते, तेव्हा कोकणातल्या अनेक घरांत घावन-घाटले हा नैवेद्य ठरलेला. घाटले म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ एकत्र शिजवून केलेली दाट गोड खीर. दोन्ही पदार्थ एकाच पिठाचे आहेत आणि त्यांची वेळही सूचक आहे. भाद्रपदात हळवे भात पिकायला लागलेले असते, पण गरवे अजून शेतात उभे असते. कणगीच्या तळाशी राहिलेला जुना तांदूळ संपवण्याचे हे दिवस. नैवेद्याला जुन्या तांदळाचे घावन होणे हे शास्त्रापेक्षा शेतीच्या पंचांगाला धरून आहे.

सोबत काय खायचे, यात जाती-जमाती आणि प्रसंग यांप्रमाणे फरक पडतो. आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबार ही मालवणी जोडी आता बाहेरही प्रसिद्ध झाली आहे. भाजलेले खोबरे, कांदा आणि मालवणी मसाला यांचे वाटण त्यात पडते. या मसाल्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आली, तेव्हा आजचे हे सांबार त्याहून जुने असू शकत नाही. आंबोळी असू शकते. घावनाबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी, गुळाचा रस, आणि सामिष खाणाऱ्या घरांत कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा. चहाबरोबर घावन हे रूढ चित्र मात्र विसाव्या शतकातले आहे. 1903 सालच्या चहा उपकर कायद्यानंतर चहाचा प्रचार हिंदुस्थानभर पैसे खर्चून झाला, आणि मुंबईहून सुटीवर येणाऱ्या गिरणी कामगाराने तो गावच्या चुलीवर आणला. त्याआधी सकाळचे खाणे म्हणजे पेज.

हा चाकरमानी घावनाच्या इतिहासात मध्यवर्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी इथून तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि पोलिसांत जाऊ लागले. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटी मुंबईला जात. मागे राहिलेल्या घराला मनीऑर्डर येई आणि त्या पैशाने तांदूळ विकत घेता येई. विकतचा तांदूळ बराचसा ब्रह्मदेशाचा असे. 1942 साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि ही आवक थांबली. 1943 च्या मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. मोजून मिळणाऱ्या तांदळात घावन बसवणे अवघड होते, तो पुन्हा सणापुरता उरला. स्वातंत्र्यानंतर हळूहळू चित्र पालटले. 1968 साली प्रसारित झालेले ‘जया’सारखे अधिक उत्पन्न देणारे वाण कोकणात पसरले, रास्त भावाच्या दुकानातून तांदूळ मिळू लागला आणि नाचणीची भाकरी रोजच्या ताटातून मागे सरली. याची किंमतही मोजली गेली. वालयसारखे तांबडे, जाड, स्थानिक भात मागे पडले. या तांबड्या तांदळाचे घावणे फिकट गुलाबी आणि चवीला गोडसर होतात. आज ते खायचे तर बी जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा पत्ता शोधावा लागतो.

तांदूळ आला, तरी कष्ट उरलेच होते. ते कमी केले यंत्रांनी, आणि तेही एकामागून एक. आधी गावात डिझेल इंजिनावर चालणारी भातगिरण आणि पिठाची चक्की आली. घिरट, व्हायन आणि जाते यांचे काम तिने एका फेरीत उरकले, आणि पहाटेच्या ओव्या बंद पडल्या. चक्कीचा एक तोटा बायकांनी लगेच ओळखला: गव्हानंतर तांदूळ दळला की पिठात गहू मिसळतो आणि घावन चिवट होतो. म्हणून घावनाचे दळण टाकताना आधी मूठभर तांदूळ टाकून जाते धुऊन घ्यायला सांगायचे, हा रिवाज आजही आहे. पुढे वीज आली. मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी 1963 साली ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. भारतीय वाटणासाठी बनवलेले ते पहिले दणकट यंत्र. चाकरमान्यांनी ते गावी नेले आणि रगडा माजघरातून परसात गेला. चिकटणाऱ्या तव्यावरचा इलाजही महाराष्ट्रातच तयार झाला: 1968 साली तेव्हाच्या औरंगाबादेत भोगले कुटुंबाने ‘निर्लेप’ ही न चिकटणारी भांडी काढली. ज्या टेफ्लॉनचा थर त्यांवर होता तो अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना 1938 साली प्रयोगशाळेत योगायोगाने सापडला होता. निर्लेप तव्याने नव्या सुनेची पहिली भीती घालवली, यात शंका नाही. बिडाच्या तव्याइतका तो तापवता येत नाही, त्यामुळे जाळी थोडी विरळ पडते. पण महिनाभर तवा मुरवण्याऐवजी पहिल्या दिवशी अखंड घावन, या बदल्यात जाळीचे नुकसान बहुतेकांनी आनंदाने सोसले. शेवटी गॅस आला, आणि चुडतांची ज्वाळ सांभाळत एका हाताने ओतण्याची कसरत संपली.

या सगळ्याचा परिणाम असा की साठ-सत्तर वर्षांपूर्वी दोन दिवस आधी ठरवावा लागणारा पदार्थ आज न ठरवता होतो. घावन तोच आहे. त्यातले श्रम चक्कीवाल्याकडे, वीज मंडळाकडे आणि कारखान्याकडे वाटले गेले.

घराबाहेर तो उशिरा पडला. भाकरी, वडे, तळलेले मासे हॉटेलात आणि खानावळीत केव्हाच पोचले होते, पण घावन ताटात पडल्यावर गरम खायचा, एकेक काढायचा आणि साठवता न येणारा. गार झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि घावन वातड लागतो. खानावळवाल्याला असा पदार्थ परवडत नाही. बदल घडला तो मालवणी या नावालाच बाजारात किंमत आल्यावर. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक 1980 साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणी बोली मुंबईच्या प्रेक्षकांत लोकप्रिय झाली. बोलीमागोमाग मुंबईत मालवणी खाण्याची हॉटेले आणि जत्रा आल्या. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तारकर्ली आणि मालवण पर्यटकांनी गजबजले, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्याचा निवास-न्याहारीचा व्यवसाय रुजला, आणि सकाळच्या न्याहारीला काय द्यायचे या प्रश्नाला घावन-चटणी आणि आंबोळी-उसळ हे तयार उत्तर होते. चिपी विमानतळ 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. महिला बचत गट आता घावनाचे आणि आंबोळीचे पीठ पिशव्यांत भरून विकतात. मालवणी मसाला, कोकम आणि कुळथाचे पीठ यांच्या शेजारी ते मांडलेले असते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. घावनाचे तसे काही झालेले नाही, आणि एका अर्थी ते ठीकच आहे, कारण नीर डोशापासून त्याला वेगळे काढणारी रेघ कोणत्याही कचेरीला ओढता आली नसती.

पिशवीतले पीठ घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. पीठ सुरय तांदळाचे आहे ना, आणि ते ताजे दळलेले आहे ना. महिनोन्महिने ठेवलेल्या पिठाला कुबट वास येतो आणि तो तव्यावरही जात नाही. मुंबई-पुण्यात घरीच सुरुवात करायची असेल तर वर्षभर जुना कोलम किंवा कोणताही मोकळा शिजणारा तांदूळ चार तास भिजवून मिक्सरवर गंधासारखा बारीक वाटावा. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घेऊ नये. भाताला ते उत्तम, पण दोन्ही चिकट आहेत आणि घावन तव्यावरून सुटत नाही.